खेळ, शब्द आणि आपल्या मुली

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाई आमंत्रण घेऊन घरी आल्या तेव्हा मी त्यांना म्हटले, "अहो, मी शाळेत तीस वर्षे मराठी शिकवले हे खरे; पण मी काही भाषापंडित नव्हे. शब्दांच्या उगमावर मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "काहीही बोला. पण बायकांना घरी जाऊन सांगता येईल असे बोला." ही अट मला पसंत पडली. म्हणून आज पुस्तक न आणता मी पदराच्या गाठीत पाच सागरगोटे बांधून आणले आहेत. ते पाहून पुढच्या रांगेतल्या आजीबाईंचे हात शिवशिवू लागले आहेत, हे मला येथूनही दिसते आहे.

सागरगोटा आपणां सर्वांच्या ओळखीचा. काटेरी झुडूप, त्याला काटेरी शेंगा, आणि शेंगेत राखी रंगाचे, गुळगुळीत, दगडासारखे कठीण बी. हे बी पाण्यावर तरंगते. समुद्रात पडले की महिनोन् महिने लाटांवर हिंडते, दूरच्या किनाऱ्याला लागते आणि तेथे रुजतेही. नावात 'सागर' आला तो बहुधा ह्यामुळेच. आपल्या बीडच्या बालाघाटात कुठला आला आहे समुद्र? ज्या बाईने जन्मात समुद्र पाहिला नाही, तिच्या पदरात मात्र सागराचे नाव बांधलेले असते! इंग्रज लोक ह्याच बीला निकरनट म्हणतात, आणि त्यातला 'निकर' हा डच भाषेतल्या गोटीच्या नावावरून आला असे मानतात. म्हणजे आपण त्याला गोटा म्हटले, आणि सातासमुद्रापलीकडच्यांनाही ते पाहून गोटीच आठवली.

एक वर उडवायचा, तो खाली येईपर्यंत भुईवरचा एक उचलायचा आणि वरचा झेलायचा. मग दोन, मग तीन. हा खेळ आपलाच आहे असे मला लहानपणी वाटे. पुढे वाचनात आले की तो जगभर आहे. प्राचीन ग्रीस देशात बायका मेंढीच्या पायातल्या लहान हाडांनी असाच खेळत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये सुमारे २३०० वर्षांपूर्वीची मातीची एक मूर्ती आहे. तीत दोन स्त्रिया समोरासमोर उकिडव्या बसून हा हाडांचा डाव खेळत आहेत. कोरियातल्या मुली त्याला गोंगी म्हणतात. जपानात कडधान्य भरलेल्या कापडाच्या चिमुकल्या पिशव्या उडवितात; त्यांना ओतेदामा म्हणतात.

मग हा खेळ कुणी कुणापासून घेतला? मला वाटते, असा प्रश्न करण्याचे कारण नाही. खडे सगळीकडे असतात, मुलींना हातही सगळीकडे दोनच असतात, आणि दुपारही सगळीकडे लांबते. खेळ चार देशांत आपोआप उगवू शकतो. शब्दाचे मात्र तसे नाही. शब्द कुणाच्या तरी तोंडून, कुठल्या तरी रस्त्याने चालत यावा लागतो. म्हणून एखाद्या खेळात परका शब्द सापडला की समजावे, येथून कोणी तरी गेले आहे, किंवा येथे कोणी तरी येऊन राहिले आहे.

पटावरच्या खेळांचे पाहा. आपला सारीपाट कापडाचा, चौफुलीच्या आकाराचा. कवड्यांच्या पंचवीस ह्या दानावरून त्याच्याच एका प्रकाराला पचीसी म्हणतात. फत्तेपूर शिक्रीच्या चौकात अकबराने फरसबंदीवर पचीसीचा पट आखला होता आणि सोंगट्यांच्या जागी दासी उभ्या केल्या जात, असे सांगतात. पुढे हाच खेळ विलायतेला गेला. तिकडे त्याला कवड्यांऐवजी ठोकळा मिळाला, लुडो असे नाव मिळाले आणि १८९६ साली त्याचे पेटंटही झाले. लुडो हा लॅटिन शब्द; त्याचा अर्थ 'मी खेळतो'. आमची नात आता मोबाईलवर लुडो खेळते आणि मला म्हणते, "आजी, तुला हा नवीन गेम शिकवू का?" मी मुकाट्याने शिकून घेते. आजीचाच पट विलायतेला जाऊन आला आहे, हे तिला कोणत्या तोंडाने सांगावे?

पण पट घरातून गेला तरी त्याचे शब्द आपल्या तोंडून गेले नाहीत. सारीपाटात भाग्याचे दान पडले की त्याला पगडा म्हणत. म्हणून आज सुनेवर सासूचा, किंवा काळ उलटला की सासूवर सुनेचा, पगडा बसतो. 'पौ' म्हणजे एक. पौ आणि बारा असे दान पडले की सोंगटी भराभर पुढे निघते. हिंदीत त्यावरून 'पौ बारह होना' म्हणजे नशीब उघडणे, आणि आपल्याकडे 'पोबारा करणे' म्हणजे पळ काढणे. दान एकच, त्यांनी त्यातले भाग्य घेतले, आपण धूम घेतली! बुद्धिबळातला 'शह' हा फारशीतला राजा आहे. 'शह' आणि 'मात' हे दोन्ही शब्द युरोपात गेले आणि इंग्रजीत 'चेक' व 'मेट' होऊन बसले. आणखी एक गंमत आपणांस आवडेल. आपल्या पटावर राजाशेजारी वजीर असतो. युरोपात त्याच्या जागी राणी आली, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिला पटावरची सर्वांत मोठी चाल मिळाली. राजा मात्र अजून एकेक घरच चालतो.

आता आपल्या मराठवाड्याची गोष्ट सांगते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. कचेरीची भाषा उर्दू. माझ्या वडिलांचे शिक्षण उर्दूतून झाले. ते घरी ज्ञानेश्वरी वाचीत आणि हिशेब उर्दूत लिहीत. जमिनीच्या कागदाची नक्कल काढण्यासाठी तहसिलीत हेलपाटे घालणे हा त्या काळचा मोठाच उद्योग होता, आणि अजूनही तो संपला आहे असे म्हणवत नाही. ह्या 'नक्कल' शब्दाचे मूळ अरबीत आहे. एका ठिकाणचे उचलून दुसऱ्या ठिकाणी नेणे, हा त्याचा मूळचा अर्थ.

माझी एक मावशी उदगीरकडे दिली होती. तिच्या घरी लाकडाची एक पाटी होती. तिला दोन ओळींत सात-सात खळगे. एका खळग्यातले चिंचोके उचलायचे आणि पुढच्या खळग्यांत एकेक टाकीत जायचे. कर्नाटकात ह्या खेळाला अळगुळी मणे म्हणतात, तमिळ मुलुखात पल्लांगुळी, आंध्र-तेलंगणात वामनगुंतलू. आफ्रिकेत आणि अरबस्तानात असे खेळ फार आहेत, आणि त्या साऱ्यांना मिळून मंकला म्हणतात. हा शब्दही त्याच अरबी मुळाचा. एका खळग्यातले दुसऱ्यात नेणे, म्हणून मंकला. तहसिलीतली नक्कल आणि मावशीच्या ओसरीवरचा चिंचोक्यांचा खेळ ह्यांचे हे असे चुलत नाते निघाले! जुन्या देवळांच्या, किल्ल्यांच्या फरशीवर असे ओळीने कोरलेले खळगे दिसले, तर ते उगीच पडलेले आहेत असे समजू नका. तेथे कोणी तरी निवांत बसून खेळले आहे.

पण मला सर्वांत नवल वाटते ते विटीदांडूचे. विटी कुठे पडली ते दांडूने मोजताना आपण एक, दोन, तीन, चार म्हणत नाही. आपण म्हणतो वकट, लेंड, मूंड, नाल. गावोगावी त्यात थोडा फरक असतो, आणि माप ज्या शब्दावर संपेल त्याप्रमाणे पुढचा टोला कसा मारायचा ते ठरते. लहानपणी ह्या शब्दांना अर्थ असतो अशी शंकाही आम्हांला आली नाही. आता तेलुगू आकडे ऐका: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. आणि कानडी: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. आपले वकट आणि लेंड तेलुगूच्या किती जवळ आहेत पाहा. 'मूंड' तर त्याहून मौजेचा. आजच्या तेलुगूत मूडु म्हणतात. पण जुन्या तेलुगूत ह्या शब्दात अनुनासिक होते आणि जुन्या लिखाणात त्याची खूण दिसते. मला वाटते, आपल्या मूंडवरचा अनुस्वार तोच असावा. ज्यांचा शब्द, त्यांच्या बोलण्यातून तो उच्चार गेला. आपल्या उनाड पोरांनी मात्र तो धुळीत खेळता खेळता जपून ठेवला!

येथे एक सावधगिरी सांगते. सारखे दिसणारे सगळे शब्द सगेसोयरे नसतात. विटीदांडूतला नाल म्हणजे चार. घोड्याच्या टापेला मारतात तो नाल अरबीतून आला, त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही. शब्दांचे गोत्र जुळविताना लग्न जुळवितानासारखी चौकशी करावी लागते.

हे आकडे निजामाच्या राज्यातून आले असेही समजू नका. निजामाच्या राज्यात तेलुगू, कानडी आणि मराठी माणसे एकत्र होती हे खरे; पण वकट-लेंड तर पुण्याकडच्या पोरांनाही ठाऊक होते. ती देवाणघेवाण फार जुनी आहे. अक्का, अण्णा, अप्पा ही नाती, ताटातले तूप, पानाच्या तबकातला अडकित्ता, हे सारे त्याच दाक्षिणात्य सोयरिकीतले. आपल्या अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे आणि त्यांचा 'विवेकसिंधु' परंपरेने ११८८ सालचा मानतात. मराठीचे आद्य कवी म्हणून आपण त्यांचा अभिमान धरतो, आणि तो योग्यच आहे. परंतु मराठी ही काही सोवळ्यात वाढलेली भाषा नव्हे. ती बाजारात, वाटेवर आणि अंगणात वाढली. मोठ्यांनी हिशेब मराठीत केले, फारशीत केले, इंग्रजीत केले. खेळातले आकडे मात्र मुलांनी बदलले नाहीत, कारण खेळात चूक काढायला पंतोजी येत नसे.

भगिनींनो, येथवर गमतीच्या गोष्टी झाल्या. आता ज्यासाठी मी खरोखर आले, ते सांगते.

माझे लग्न १९६६ साली झाले. मला सोळावे लागले होते. हळदीच्या आदल्या दिवशी थोरल्या काकूंनी माझ्या पेटीतले सागरगोटे काढून घेतले आणि म्हणाल्या, "आता तू पोर राहिली नाहीस." त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही, त्यांचेही कुणी असेच काढून घेतले असतील. दोन वर्षांनी माझ्या पहिल्या लेकराला गुटी द्यायची होती. सासूबाईंनी गुटीची डबी उघडली. हिरडा, मायफळ, मुरुडशेंग, वेखंड, आणि त्यांच्या शेजारी एक सागरगोटा! खेळातला सोबती मला औषधाच्या डबीत भेटला. सहाणेपाशी बसून मी रडले. सासूबाईंना वाटले, बाळंतपणाचा अशक्तपणा आहे. पुढे त्यांनीच मला शिकू दिले, म्हणून आज मी आपणांपुढे उभी आहे.

आता गेल्या उन्हाळ्यातली हकिकत ऐका. आमच्या घराजवळच्या शाळेच्या ओट्यावर एक मुलगी पाच खडे घेऊन खेळत होती. आईबाप ऊसतोडीला कर्नाटकात गेलेले. त्यांच्याबरोबर सहा महिने राहून ती नुकतीच परत आली होती. खडे उचलताना ती मोजत होती: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. माझ्या थोरल्या जाऊबाई शेजारी बसल्या होत्या. वय पंच्याऐंशी, शाळेचे तोंड पाहिलेले नाही. त्या एकदम म्हणाल्या, "अगं बाई, ही पोरगी तर आपली वकट-लेंडच म्हणू लागली की!"

मी थक्क झाले. जे मला पुस्तकांतून कळले, ते त्यांनी कानाने ओळखले. आणि शब्द कुणी आणले, ह्या माझ्या प्रश्नाचे उत्तर डोळ्यांपुढे बसले होते. राजे आणि त्यांचे शिलालेख असतील. पण शब्द आणले ते बहुधा अशाच पोटासाठी चालत गेलेल्या माणसांनी आणि त्यांच्याबरोबर गेलेल्या लेकरांनी. फडाशेजारच्या कानडी मुलींबरोबर ती खेळली, आणि येताना चार आकडे घेऊन आली.

मी तिला म्हटले, "फार छान खेळतेस गं. पुढच्या वर्षी मला सगळे शिकव." ती म्हणाली, "पुढच्या साली म्या नाही खेळायची, आज्जी. मला कोयत्यावर जायचंय."

आपण बीडच्या बायका. कोयता म्हणजे काय ते आपणांस सांगावयास नको. तरी ह्या शब्दाकडेही आज जरा नीट पाहा. कोयता हे लोखंडाचे हत्यार. पण ऊसतोडीच्या हिशेबात नवरा आणि बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. म्हणजे बाई एकटी मोजलीच जात नाही. ती अर्धा कोयता. जोडी झाल्याशिवाय कोयता पुरा होत नाही, म्हणून मुलींची लग्ने लवकर उरकतात. लग्नाला अठरा वर्षे पुरी हवीत असा कायदा १९७८ सालापासून आहे. आणि 'उचल' हा शब्दही पाहा: खेळात मुलगी खडा उचलते, आणि इकडे बाप तिच्या नावावर उचल घेतो. शब्दांच्या उगमाबद्दल इतकी वर्षे वाचले. पण असा शब्द कसा जन्मतो, ते त्या ओट्यावर कळले.

मी आणि मंडळातल्या दोघी तिच्या घरी गेलो. तिच्या आईने चहा केला आणि शांतपणे म्हणाली, "बाई, तुमचं बोलणं पटतंय. पण सहा महिने हिला ठेवू कुणापाशी? पाल एकटं, पोर वयात आलेली. तुम्ही सांगा." आम्हा तिघींपाशी त्या वेळी उत्तर नव्हते. ती बाई निष्ठुर नाही. तिच्यापाशी जागा नाही, एवढेच.

आपल्याकडे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची सरकारी योजना आहे. मात्र तिची माहिती वेळेवर पोहोचणे, नाव लागणे आणि आईबापांना विश्वास वाटणे, ही कामे कागदावर होत नाहीत. त्यांना दारोदार जाणाऱ्या बायका लागतात. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतील. त्याआधी आपल्या मंडळाने तीन गोष्टी कराव्यात अशी माझी विनंती आहे. पहिली, टोळीबरोबर जाणाऱ्या प्रत्येक मुलीच्या घरी दोघींनी जावे आणि शाळेत नाव लागेपर्यंत पिच्छा सोडू नये. दुसरी, ज्या मुली मागे आजीपाशी राहतील, त्यांच्यासाठी मंडळाची खोली रोज संध्याकाळी उघडी ठेवावी आणि कुणी तरी मोठ्या बाईने तेथे बसावे. तिसरी, त्या खोलीत अभ्यासाबरोबर खेळही असावा. सागरगोटे असोत, पट असो, पंचमीची फुगडी असो. आणि त्यांतले जुने शब्द मुलींनी आजींना विचारून एका वहीत उतरून ठेवावेत.

खेळाने काय होणार, असे कुणी म्हणेल. २०२५ सालच्या जानेवारीत दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, आणि भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला हरवून ती जिंकली. त्या संघाची कर्णधार प्रियांका इंगळे मूळची आपल्या बीड जिल्ह्यातली, केज तालुक्यातली. प्रत्येक मुलगी विश्वचषक आणणार नाही, हे मलाही समजते. परंतु 'आता तू पोर राहिली नाहीस' हे वाक्य चार वर्षे उशिरा ऐकू आले, तरी तेवढ्या वर्षांत मुलगी दहावी होते.

लपंडावात ज्याच्यावर डाव येतो त्याला आपण 'राज्य आले' म्हणतो. नीट पाहिले तर राज्य आलेल्या गड्यालाच सगळ्यांत जास्त धावावे लागते. आज मंडळावर राज्य आले आहे, असे समजा.

हे पाच सागरगोटे मी मंडळाला देऊन जाते. ते कपाटात ठेवू नका. त्या मुलीला मी सांगितले आहे, की संध्याकाळी मंडळाच्या खोलीत ये. तिथे दार उघडे असेल. ते खरे करणे आता आपल्या हातात आहे.